लॅक्रॉसच्या फेस-ऑफमध्ये समोरच्याने खांद्याने रेटलं तर फाउल का देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळतो, त्यात फेस-ऑफ घेतो, म्हणजे सुरुवातीला आणि गोलनंतर मैदानाच्या मध्यावर ठेवलेल्या बॉलसाठी दोघांची झटापट, समोरच्या पोराने खांदा लावून त्याला बॉलवरून बाजूला सारलं आणि रेफरी दोन पावलांवर उभा असून शिटी नाही वाजली, हे चालतं का. हो, चालतं. तुमच्या पोटात गोळा आला असणार ते समजू शकते, आमचा मोठा इथे अमेरिकेत मेरीलँडला हायस्कूलची चार वर्षं फेस-ऑफच घ्यायचा, पहिल्या सीझनला तर दर गोलनंतर मी उठून उभी राहायचे.

दोघं काठ्या जमिनीला टेकवून वाकतात, रेफरी 'डाउन' म्हणतो, मग 'सेट', मग शिटी. सेटपासून शिटीपर्यंत हलायचं नाही, एकमेकांना किंवा समोरच्याच्या काठीला लागायचं नाही. शिटी झाली की मात्र खांदा, कंबर लावून आपली जागा धरायला मुभा आहे, कुस्तीतल्या खडाखडीसारखंच ते, आणि खरंच इथले बरेच फेस-ऑफवाले थंडीत शाळेच्या कुस्तीच्या टीममध्ये असतात.

रेफरी बघतो ते हात आणि पाय. बोटांनी बॉल दाबला, समोरच्याची काठी हाताने धरली, मुद्दाम तिच्यावर पाय दिला किंवा लाथ मारली, बॉल दाबून नुसतं बसून राहिलं, की बॉल दुसऱ्या टीमला, आणि मुद्दाम बोटं किंवा हात वापरला असेल तर वर वेगळी शिक्षाही. एका हाफमध्ये हे वारंवार झालं तर 30 सेकंद एक माणूस कमी. तुमच्या मुलाच्या काठीवर जाळीच्या खाली वेगळ्या रंगाची टेप असेल बघा, ती शोभेची नाही, हात प्लास्टिकवर सरकला तर रेफरीला लगेच दिसावा म्हणून लावायला लावतात. आमच्या एका मॅचला समोरच्या पोराच्या ग्लोव्हचं एकच बोट बॉलवर आलं होतं, आम्हाला कुणालाच दिसलं नाही, रेफरीने तिथेच पकडलं.

(यूट्यूबवर जुने कॉलेजचे व्हिडिओ बघून गुडघा टेकायला शिकत असेल तर सांगा त्याला, कॉलेजमध्ये 2021 च्या सीझनपासून ते बंद केलंय.)

मला खरी काळजी वाटते ती त्या दोघांची नाही, विंगवाल्यांची, म्हणजे फेस-ऑफच्या वेळी दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या खेळाडूंची. ते 20 यार्डांवरून शिटीसरशी पूर्ण वेगात धावत येतात आणि तेव्हा तुमचा मुलगा मान खाली घालून सुटा बॉल उचलत असतो. सुट्या बॉलजवळच्या खेळाडूला बॉडी चेक (अंगाने धडक) करता येतो, पण समोरून किंवा बाजूने, कमरेच्या वर आणि मानेच्या खाली, दोन्ही हात काठीवर ठेवून. मागून ढकलणं, काठीच्या मधल्या दांड्याने ठोसणं, डोक्याला लागणं, हे सगळे फाउल. आणि मान खाली असलेल्या, बेसावध पोराला जोरात धडक दिली तर हायस्कूलच्या नियमात दोन-तीन मिनिटं बाहेर, मध्ये गोल झाला तरी परत यायचं नाही. असं काही घडून शिटी वाजली नाही तर कोचशी नक्की बोला, तिथे गप्प बसू नका. धाकटा भाऊ खेळत असेल तर 12 वर्षांखालच्या गटात बॉडी चेक मुळातच चालत नाही.

घरी एक करून घ्या, आम्ही हेच केलं, मागच्या अंगणात बॉल सोडायचा आणि तो उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेतून नाही, म्हणजे नजर वर राहते आणि येणारा दिसतो.