खुन्याची गोष्ट आवडली म्हणून घाबरू नकोस

लेकरा, खुन्याच्या तोंडून सांगितलेली कादंबरी एका बैठकीत वाचलीस आणि आता विचारतेस, ‘मी आतून वाईट आहे का?’ तीस वर्षं असलं वाचत आलोय, म्हणून सांगतो: नुसती आवड हा कशाचाच पुरावा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या ८ रसांमध्ये भयानक आहे, बीभत्सही आहे. शृंगार नि करुणाच्या पंगतीलाच बसवलेत ते.

वेरूळला गेलीस की २१ क्रमांकाचं रामेश्वर लेणं सावकाश बघ. सप्तमातृकांच्या जवळच हाडांचे सापळे कोरलेत, फासळी न फासळी दिसते. तिथं एका आजीनं हात जोडले आणि नातवाला उचलून ते दाखवलं. तिला क्रौर्य प्रिय आहे, असं कोण म्हणेल?

पण एक बघत जा. परभणीत शिकताना मला एक कादंबरी फार आवडली होती. तीतल्या अत्याचाराच्या प्रसंगापाशी दुसऱ्या वाचनात थबकलो, पानावर बोट तसंच राहिलं. लेखकानं त्या बाईला नावसुद्धा दिलं नव्हतं. पहिल्यांदा ते मला खटकलंच नव्हतं, आणि ते न खटकणं माझ्या घडणीतून आलं होतं. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हा कपाटातली पुस्तकं मोजू नकोस. गावात तशीच घटना घडली, तर ‘ती रात्री गेलीच कामून?’ असं तोंडून निघतं का, ते तपास.

आणि झोप उडत असेल तर पुस्तक अर्ध्यात सोड. परत नाही उचललंस तरी चालतं.