म्हातारे देश लढत नाहीत?

तुम्ही लिहिता की मुलगी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पूर्व आशियाची घटती लोकसंख्या आणि तिथली सुरक्षा यावर काम करायचं आहे. आणि ‘यूपीएससीखेरीज दुसरा फॉर्म भरलास तर फी मिळणार नाही’ असं तुम्ही तिला बजावलं आहे. पत्रात तिचे गुण चारदा आले, तिला हा विषय का हवा हे एकदाही नाही. मला काळजी वाटते ती याची. धाकाने मूल पुस्तक उघडतं, पण या परीक्षेला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात आणि तेवढी ओढ धाकातून येत नाही. आधी ती अट मागे घ्या आणि तसं तिला स्वतः सांगा. खुल्या प्रवर्गाला ही परीक्षा 32 वर्षांपर्यंत देता येते, त्यामुळे ती वाट बंद होत नाही.

‘म्हातारे देश लढत नाहीत, मग या विषयात उरलं काय?’ हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. रशियाची लोकसंख्या घटत असतानाच त्याने 2022मध्ये युक्रेनवर चढाई केली. युक्रेनमध्ये 1990च्या दशकात जन्म घसरले, म्हणून आज विशीतली पिढीच तोकडी आहे. सक्तीच्या भरतीचं किमान वय 2024मध्ये 27वरून 25 केलं, पण त्याखाली जायला सरकार कचरलं. जपानने 2018मध्ये भरतीची कमाल वयोमर्यादा 26वरून 32 केली, आणि मोगामी वर्गाच्या युद्धनौका जेमतेम 90 जणांत चालतील अशा बांधल्या. माणसं कमी झाली की भांडणं मिटत नाहीत, सैन्याची घडण बदलते.

दक्षिण कोरियाचं गणित मुलीकडून करून घ्या. 2023मध्ये तिथे सुमारे 2 लाख 30 हजार बाळं जन्मली. त्यातले निम्मे मुलगे धरा, लष्करातली सक्तीची सेवा 18 महिने. वीस वर्षांनी एकालाही सूट दिली नाही तरी एका वेळी सक्तीचे सैनिक पावणेदोन लाखांच्या आसपासच. फौज आज साडेचार लाखांच्या आसपास आहे. मधली जागा पगारी सैनिक भरतील, स्त्रिया की यंत्रं, हाच तिचा विषय. इथे नवखे चुकतात ते 0.72 या 2023च्या प्रजनन दराला, म्हणजे एका बाईमागे सरासरी होणाऱ्या मुलांच्या आकड्याला, चिकटून. तो उद्या वाढला तरी 2040चे सैनिक आधीच जन्मलेले आहेत.

तिलाही एक स्पष्ट सांगतो: थेट संरक्षणशास्त्राच्या एमएला जाऊ नकोस. तिथे मतं पुष्कळ भेटतात, वयोगटांचे तक्ते मांडणारे थोडे. आधी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घे. सुरक्षेच्या क्षेत्रात जागा कमी आहेत, पण तक्ते येत असतील तर आरोग्य सर्वेक्षणातही काम मिळतं. जोडीला जपानी किंवा कोरियन हवीच. जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पहिली पायरी एन5.