इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप पुढून पडलेली दिसते. दोन इंचाचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या) टाकू की स्प्रिंगसकट पूर्ण लेव्हलिंग किट (पुढची बाजू मागच्याइतकी उंच करणारा संच) घेऊ?

प्रश्नात तुम्ही गाडीचं मॉडेल दिलंय, बजेट दिलंय, कुठला ब्रँड घेऊ हेही विचारलंय. मागच्या हौद्यात काय भरता, ते मात्र कुठंच नाही. मग सांगायचं काय?

पिकअप मागून उंच असते ती कंपनीची चूक नव्हे. मागचे पाटे ओझ्यानं बसणार हे धरूनच ती उंची दिलेली असते. माल भरला की गाडी आपोआप सपाट होते. रिकामी गाडी फोटोत बरी दिसावी म्हणून पुढून उचललीत, तर माल भरल्यावर तिचं तोंड आभाळाकडं जाणार. एवढी साधी गोष्ट आमच्या साडूंना पटवता पटवता माझे केस पिकले.

साडू सावंतवाडीकडचे, मी आजऱ्याचा. दोघांकडं व्ही-क्रॉसच. त्यांनी गाडी घेतल्या घेतल्या कुठल्याशा गॅरेजात पुढं स्पेसर टाकून घेतले. चाकांचं अलाइनमेंट नाही, हेडलाइट सेट करणं नाही, काही नाही. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पाहुणं, तुमच्या गाडीनं मान टाकलीया."

पुढं त्यांच्या घराचं काम निघालं. कोल्हापुरातून फरशी न्यायची होती. दोन्ही गाड्यांत निम्मी निम्मी भरली. पावसाळ्याचे दिवस, निघायलाच उशीर झालेला. अंधार पडला तसा समोरून येणारा प्रत्येक एसटीवाला साडूंना डिपर मारायला लागला. मी मागंच होतो, मला दिसत होतं. आजऱ्यात चहाला थांबलो तर साडूंचं सुरू, लोकांना रस्त्यावरची शिस्तच राहिली नाही. मी म्हटलं, शिस्त त्यांना आहे, तुमचा लो बीम, म्हणजे खालचा झोतच, त्यांच्या डोळ्यात जातोय. ऐकतील ते साडू कसले!

आंबोलीच्या अलीकडं धुकं लागलं. पावसाळ्यातलं तिथलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. धुक्यात दिवा जितका खाली तितकं बरं. यांचे दिवे वर, समोर नुसती पांढरी भिंत. त्यात पुढचं वजन मागं गेलेलं, त्यामुळं स्टेअरिंग हलकं लागत होतं. हे त्यांनी त्या रात्री स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आता नाकारतात ती गोष्ट वेगळी. शेवटी हॉर्न वाजवून मला पुढं घेतलं आणि अख्खा घाट माझ्या टेल लॅम्पच्या मागं उतरले. माझ्या, म्हणजे मान टाकलेल्या गाडीच्या. वास्तुशांतीला त्याच पाहुण्यांमध्ये बसून सांगत होते, "आमचे साडू गाडी फार हळू चालवतात."

हिशेब करा म्हणजे कळेल. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3095 मिलिमीटर. पुढून 50 मिलिमीटर उचललं की गाडी जवळपास एक अंश मागं कलते. 25 मीटरवर झोत 40 सेंटीमीटर वर जातो. लो बीम मुळात 10 मीटरला 10 सेंटीमीटरच्या आसपासच खाली झुकवलेला असतो, म्हणजे 25 मीटरला 25. तेव्हा रिकाम्या गाडीचाही लो बीम लो राहत नाही, आणि माल भरला की आणखी वर. डॅशबोर्डवरचं हेडलाइट खाली करायचं चाक हे ओझ्यासाठी दिलेलं आहे. ते स्पेसरसाठीच वापरून टाकलं तर ओझ्याला काय उरलं?

आता तुमचा प्रश्न. स्पेसर दोन जातीचे. एक शॉकअपच्या डोक्यावर बसतो. शॉकअप चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर, चाकापासून आत असतो, त्यामुळं वर टाकलेल्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट उंची चाकाशी वाढते. दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंच जाड स्पेसर मागवणारे महाभाग मी पाहिलेत. यात चाक लटकलं की आर्म मूळच्यापेक्षा खाली जातो, बॉल जॉइंट आणि ॲक्सलचे कोन वाढतात, फोर बाय फोर असेल तर ॲक्सलचे रबरी बूट फाटायला लागतात. दुसरा स्प्रिंगवरच बसून तिला दाबून ठेवतो. त्यात चाकाला खाली जायची जागा कमी होते, आणि खड्ड्यातून निघताना शॉकअप टोकाला जाऊन खट्ट आवाज येतो.

त्यामुळं पैसे असतील तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं बदला. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन ही ऑस्ट्रेलियन नावं आहेत, दोघांकडंही पुढच्या वजनाप्रमाणं वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात. ब्रँडपेक्षा तो वजनाचा तक्ता महत्त्वाचा. काहीही टाकलं तरी अलाइनमेंट त्याच दिवशी करा. पुढून उचलल्यावर कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं असलेला कल, कमी होतो, स्टेअरिंग आपणहून सरळ यायला कुचराई करतं. टो, म्हणजे पुढची चाकं किंचित आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, तोही बदलतो, टायर एकाच कडेनं खातो. हेडलाइट रिकाम्या गाडीत भिंतीवर झोत पाडून सेट करून घ्या.

गाडी कायम रिकामीच फिरत असेल, किंवा पुढं विंचसारखं (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) वजन टाकलं असेल, तर मात्र पुढून थोडं उचलणं रास्त आहे, एखादा इंच पुरतो. (बुल बार, म्हणजे पुढचा लोखंडी गार्ड म्हणत असाल तर त्याविरुद्ध केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना कळवलंय.) मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा. गाडीत मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये त्याच कलमाच्या आधारे सांगितलंय. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, तोंडी नको.

आणि उंची जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. चाकाच्या हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत, चारी चाकांना, टाकी भरून, सपाट जागी. एकदा रिकामी आणि एकदा तुमचा नेहमीचा माल भरून. ते आठ आकडे इथं टाका, मग कुठली स्प्रिंग ते बोलू.