९३ दिवसांचा सुलतान

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुर्कस्तानच्या ऑटोमन साम्राज्याचा सुलतान पाचवा मुराद याच्यावरचा तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात त्याला 'वेडा सुलतान' म्हणून तू मोकळा झालास, तिथेच माझी पेन्सिल अडली.

तारखा एकाखाली एक लिहून पाहा. ३० मे १८७६ च्या पहाटे, ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच, लष्करी अधिकारी त्याला न्यायला इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यात आले, तेव्हा हे आपल्याला गादीवर बसवायला नेत आहेत की मारायला, हेच त्याला उमगेना. ४ जूनला त्याच्या आधीचा सुलतान, पदच्युत काका अब्दुलअझीझ, मनगटाच्या शिरा कापलेल्या अवस्थेत मृत सापडला. दाढी कातरायची म्हणून त्याने कात्री मागून घेतली होती, असे सांगण्यात आले. १५ जूनच्या रात्री मिधात पाशा या मंत्र्याच्या घरी मंत्र्यांची बैठक चालू असताना चेर्केस हसन हा अधिकारी आत घुसला आणि त्याने युद्धमंत्री व परराष्ट्रमंत्री दोघांनाही ठार केले. आधीच मद्याच्या आहारी गेलेल्या, पस्तिशीतल्या माणसावर हे सारे सतरा दिवसांत कोसळले. इस्तंबूलच्या एयूप भागात नव्या सुलतानाला तलवार बांधण्याचा, राज्याभिषेकासारखा विधीसुद्धा त्याच्या वाट्याला आला नाही.

व्हिएन्नाहून बोलावलेल्या डॉ. लाइडेसडॉर्फ यांच्या मते उपचारांनी तो बरा होण्यासारखा होता. मंत्र्यांना मात्र थांबणे परवडणारे नव्हते, कारण सर्बियाशी युद्ध जुंपलेले होते आणि सुलतान कुणासमोर येऊ शकत नव्हता. गादीवरून उतरवायचे तर फतवा हवा, आणि फतव्याला कारण हवे. ते वेडाचे मिळाले. म्हणजे तुझ्या लेखातला तो शब्द मुळात ३१ ऑगस्टच्या कागदावरचा आहे, आणि त्याच दिवशी धाकटा सावत्र भाऊ अब्दुलहमीद गादीवर बसला. तो शब्द वापरू नकोस असे मी म्हणत नाही. कोणाच्या तोंडचा आहे, ते मात्र लिही.

पुढची अठ्ठावीस वर्षे तू एका ओळीत उरकलीस. चिरागान राजवाड्यातल्या नजरकैदेत तो सावरला, पियानोसाठी रचना करत राहिला, १८७८ मध्ये अली सुआवी या राजकीय बंडखोराने त्याला सोडवण्यासाठी केलेला हल्ला फसला आणि १९०४ मध्ये तो तिथेच वारला. ही ओळ उलगड, मग मसुदा पाठव.

ता. क. : तू मराठवाड्याचा, म्हणून सांगतो. हैदराबादच्या शेवटच्या निजामाचा दुसरा मुलगा मुअज्जम जाह याची बेगम निलोफर ही या मुरादचीच पणती.