क्रॉइट्सर घ्या, पण फीच्या पैशातून नको

प्रश्न : म्यूनिकमध्ये नोकरी करतो, दोन वर्षांनी पुण्याला परतणार. बोनसचे ३,००० युरो अठराव्या शतकातल्या छोट्या चांदीच्या नाण्यांत, म्हणजे क्रॉइट्सरमध्ये, गुंतवू का? पाच वर्षांनी मुलीच्या कॉलेजसाठी पैसे लागतील.

उत्तर : सगळे नको. नाण्यांसाठी ४०० काढा. बाकीचे फीचे आहेत. ते एफसीएनआर ठेवीत (अनिवासी भारतीयांसाठीची परकीय चलनातली ठेव) ठेवा. ही ठेव १ ते ५ वर्षं युरोतच राहते.

‘चांदी आहे, बुडणार नाही’ हा हिशेब इथे लागू नाही. १७५३च्या ऑस्ट्रिया-बव्हेरिया नाणे-कराराच्या मापाचं २० क्रॉइट्सरचं नाणं ६.६८ ग्रॅमचं, त्यात शुद्ध चांदी जेमतेम ३.९ ग्रॅम. पैसे पडतात ते टांकसाळ, साल आणि मुख्यतः नाण्याच्या अवस्थेचे. शिवाय १०० युरोच्या बोलीवर लिलाववाल्याचं कमिशन २० टक्के असेल तर १२० जातात. विकताना १५ टक्के कापले, तर बोली १४१ झाल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही.

खरी गोची परतताना आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला त्याची निर्यात करता येत नाही. नाणं कुठल्या देशाचं, हे ती व्याख्या विचारत नाही. म्हणजे पुण्यात आणलेली नाणी म्यूनिकच्या लिलावात परत पाठवायची वाट बंद, आणि ऑस्ट्रियाची तेव्हाची राणी मारिया थेरेसा हिच्या चिल्लरीला इथे गिऱ्हाईक मोजकंच. म्हणून विकायची ती तिथेच विका. खरेदीला वर्ष उलटलं की खासगी विक्रीच्या नफ्यावर जर्मनीत कर नाही. तारखेचं बिल तेवढं जपा. जी मोडायला मन होत नाही तीच सोबत आणा.

घेताना ०.०१ ग्रॅमचा काटा आणि दहापट भिंग हवंच. बव्हेरियात अशी नाणी पारंपरिक पोशाखाच्या साखळीत, दागिन्यांत ओवायची रीत आहे, त्यामुळे कडी काढून घासलेली नाणी बाजारात भरपूर. कडा भिंगाखाली फिरवा, नाण्यावरच्या चेहऱ्याच्या डोक्यावरची जागा आधी. कडी जोडल्याच्या डागाची (सोल्डरची) खूण किंवा झिजवलेली अक्षरं दिसली तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. आरशासारखं चकचकीत नाणंही नको. पॉलिशनं गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. एकगठ्ठा लॉटमध्ये १७८०चा मारिया थेरेसा थालर (चांदीचं मोठं नाणं) असेल तर त्याला जुन्याचा भाव देऊ नका, कारण तेच साल घालून तो पुढे दोन शतकं पाडला गेला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत काही ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.