पास किती, खुर्च्या किती?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळची पत्रं सगळी मॅनेजर-गेम्सची, म्हणजे संगणकावर फुटबॉल क्लब चालवायच्या खेळांची, आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडलेलं: मैदान केवढं असावं आणि त्यातल्या किती जागा पासवर द्याव्यात.

प्रश्न (भुसावळ): मी खेळतो त्या खेळात तिकिटाचे दर मीच ठरवतो. मैदान १० हजार खुर्च्यांचं. सीझन पास (हंगामातल्या घरच्या सगळ्या सामन्यांचा) १९० ला, एका सामन्याचं तिकीट १४ ला. ६ हजार पास गेलेत, अजून २ हजार लोक पास मागताहेत. देऊन टाकू का?

उत्तर: भुसावळच्या माणसाला पास समजावणं म्हणजे आजीला स्वयंपाक शिकवणं. जळगावला रोज अपडाऊन करणारा पास काढतो, कारण महिन्यातले बहुतेक दिवस त्याला जायचंच असतं. आठवड्यातून एकदा जाणारा खिडकीवर तिकीट घेतो. आता हाच हिशेब रेल्वेच्या बाजूनं मांडा.

तुमची लीग २० संघांची धरली तर घरचे, म्हणजे आपल्या मैदानावरचे, सामने १९. १९० चा पास सामन्याला १० रुपये पडतो. १९० ला १४ नं भागा, साडेतेरा येतात. म्हणजे जी जागा खिडकीवर १४ किंवा जास्त सामन्यांत विकली जाते, ती पासवर देणं घाट्याचं. १३ किंवा कमी सामन्यांत विकली जाते, ती पासवर दिलेली बरी. त्या २ हजार जागा आज १९ च्या १९ सामन्यांत भरत असतील तर जागेमागे २६६ मिळताहेत. पास दिलात की ७६ गेले, एकूण १ लाख ५२ हजार. त्याच जागा १२ सामन्यांतच भरत असतील तर मिळतात १६८. पासनं २२ वाढतात, एकूण ४४ हजारांचा फायदा.

इथे घोटाळा होतो तो सरासरीमुळे. 'सरासरी ९,२०० प्रेक्षक' या आकड्यावरून काहीच कळत नाही. प्रत्येक सामन्याची हजेरी वहीत उतरवा आणि ८ हजारांच्या (६ हजार पास अधिक मागितलेले २ हजार) वर किती सामने गेले ते मोजा.

आणि रांग लागली याचा दुसरा अर्थ असा की पास स्वस्त आहे. पुढच्या हंगामात १० टक्के वाढवून २०९ करा. ६ हजारांतले ४०० गळाले तरी ५,६०० पासांचे ११,७०,४०० होतात. आज ११,४०,००० आहेत. शिवाय ४०० जागा मोकळ्या. आमच्या मते पास एकूण जागांच्या ७० टक्क्यांवर नेऊच नयेत. जर्मनीतला डॉर्टमुंड क्लब ८१ हजारांच्या मैदानात सुमारे ५५ हजार पासांवर थांबतो, मागणी कितीही असो.

प्रश्न (अमळनेर): फुटबॉल मॅनेजरमध्ये माझं मैदान बहुतेक सामन्यांना भरतं. तरी बोर्ड (क्लबचं संचालक मंडळ) वाढवायला नाही म्हणतं. का?

उत्तर: या खेळात तिकिटाचा दर, पासांची संख्या आणि मैदानाचं बांधकाम तिन्ही बोर्डाच्या हातात. तुम्ही फक्त मागणी करू शकता, त्यामुळे ती कधी करायची एवढंच तुमचं कसब. नकाराची कारणं साधारण चार. 'बहुतेक' सामने भरतात, सगळे नाही. खात्यात शिल्लक नाही, किंवा जुनं कर्ज फिटायचंय. मैदान क्लबचं नाही, नगरपालिकेचं किंवा दुसऱ्याचं आहे. किंवा त्या जागेवर वाढवायला वावच नाही. अशा वेळी विस्तार नाही, नवं मैदान मागावं लागतं. मैदानाच्या पानावर मालक कोण ते आधी बघा. ते न बघता दर हंगामाला तीच मागणी रेटणारे पुष्कळ आहेत.

पण बोर्डाच्या आधी स्वतःला विचारा की मैदान खरंच वाढवायला हवं का. भरलेलं मैदान मागणी झाकून ठेवतं. १० हजार खुर्च्या असतील तर मागणी साडेदहा हजार असो की सतरा हजार, कागदावर १० हजारच दिसणार. तेव्हा मोठे सामने बघू नका, पडेल सामने बघा. घरच्या १९ सामन्यांची हजेरी कमीतून जास्तीकडे लावा. वरून सहावा आकडासुद्धा 'हाऊसफुल्ल' असेल, म्हणजे १४ सामने भरलेले असतील, तर वाढवा. अकरावा-बारावा आकडा रिकाम्या खुर्च्या दाखवत असेल तर थांबा. आणि वाढवताना एका वेळी १० ते १५ टक्के, त्याहून जास्त नाही. नुकतंच वरच्या विभागात गेलेल्या संघानं तर एक हंगाम काढावाच. खाली घसरलात की पासवाले निघून जातात, खुर्च्यांची देखभाल मात्र जागेवरच राहते.

खऱ्या फुटबॉलमध्ये याची जबर किंमत इंग्लंडच्या डार्लिंग्टन क्लबनं मोजली. जेमतेम काही हजार प्रेक्षक असलेल्या या क्लबनं २००३ मध्ये २५ हजार खुर्च्यांचं मैदान उघडलं आणि त्याच हंगामात क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. उलट इटलीच्या युव्हेंटसनं सुमारे ६९ हजारांचं अर्धं रिकामं राहणारं मैदान पाडून २०११ मध्ये त्याच जागी ४१ हजारांचं बांधलं. जागा कमी झाल्या की पास काढायची घाई होते. जागा कधीही सहज मिळणार असेल तर आधी पैसे कोण भरेल?

प्रश्न (चोपडा): हंगामाच्या सुरुवातीला खातं भरलेलं असतं, फेब्रुवारीत उणे जातं. खेळात बग आहे का?

उत्तर: नाही. पासाचे पैसे एकरकमी येतात, कापसाच्या पैशासारखे. १९० चे ६ हजार पास म्हणजे ११ लाख ४० हजार. १२ नं भागा, महिन्याला ९५ हजार. खेळाडूंचे पगार त्यात बसवा. जुलैतली शिल्लक बघून खेळाडू घेऊ नका.

प्रश्न (शहादा): हॅट्रिक या ऑनलाइन मॅनेजर-गेममध्ये सीझन पास नाहीच. मग मैदान किती वाढवायचं हे कशावरून ठरवू?

उत्तर: तिथे दरही ठरलेले असल्यामुळे हिशेब उलट सोपा होतो. युरोत सांगतो. उभ्यानं बघायच्या जागेचं तिकीट ७, साध्या खुर्चीचं १०, छताखालचं १९, व्हीआयपीचं ३५. बांधायला जागेमागे अनुक्रमे ४५, ७५, ९० आणि ३००, वर दर बांधकामाला १० हजार ठोक. आठवड्याची देखभाल ०.५, ०.७, १ आणि २.५.

उभ्याच्या १ हजार जागा वाढवल्या असं धरा. खर्च ५५ हजार. हंगाम १६ आठवड्यांचा, देखभाल ८ हजार. लीगचे घरचे सामने फक्त ७. सातही भरले तर ४९ हजार येतात, हातात ४१ हजार. सव्वा-दीड हंगामात पैसे वसूल. तीनच भरले तर हातात १३ हजार, वसुलीला चार हंगामांहून जास्त. एकच भरला तर उत्पन्न ७ हजार, देखभाल ८ हजार. म्हणजे ती जागा मुळात न बांधलेलीच बरी.

ठोक १० हजारांमुळे दर आठवड्याला शे-दोनशे जागा जोडणं महागात पडतं. हंगामातून एकदाच, ठोस आकड्यानं वाढवा. आणि स्वच्छ ऊन असलेल्या एका सामन्याच्या गर्दीवरून निर्णय घेऊ नका. हवा चांगली असली की गर्दी वाढतेच.

प्रश्न (जळगाव): फुटबॉल मॅनेजरच्या एडिटरमध्ये (खेळातली माहिती बदलायच्या साधनात) आपल्या शहराचा क्लब बनवला, ४० हजारांचं स्टेडियम दिलं. सामन्याला दीड हजार लोक येतात!

उत्तर: २०११ च्या जनगणनेत शहर साधारण ४ लाख ६० हजारांचं. त्या मानानं ४० हजार खुर्च्या म्हणजे शहरातला दर बारावा माणूस. हौस मोठी! गर्दी मैदानाच्या आकारावर नाही, क्लबच्या नावलौकिकावर आणि एडिटरमध्ये भरलेल्या हजेरीच्या आकड्यांवर येते. सरासरी, किमान आणि कमाल हजेरी हे तिन्ही रकाने क्लबच्या पानावर असतात. ते रिकामे राहिले असतील. सरासरी ३,५००, किमान १,२००, कमाल ७,५०० असं काही भरा. स्टेडियमची क्षमता ८ हजार ठेवा आणि विस्ताराच्या रकान्यात १५ हजार टाका, म्हणजे पुढे बोर्डाला वाढवायला जागा राहील. फाइल बदलल्यावर नवा खेळ सुरू करावा लागेल. चालू खेळावर हे आकडे लागू होत नाहीत.