परसदारी कोबा की पेव्हर ब्लॉक?

प्रश्न: घरामागे 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद मोकळी जागा आहे. तिथे बसण्यासाठी पक्की जमीन करायची आहे. गवंडी म्हणतात, काँक्रीट ओता, परत बघायला नको. मुलीला दगडी फरशी हवी आहे. मला पेव्हर ब्लॉक बरे वाटतात. घर बांधताना पायातून निघालेली माती याच जागेत पसरली होती. कोपऱ्यात मोठं झाड आहे. सांडपाण्याची नळी मधूनच जाते आणि तिचं चेंबरही इथेच आहे. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. काय करावं?

उत्तर: तुम्ही साहित्याबद्दल विचारलंत, पण माझं उत्तर ठरलं ते तुमच्या मातीच्या वाक्यावरून. पायाची माती नुसती पसरली असेल तर ती अजून बसलेली नाही. पाणी मुरेल तशी ती खाली जाणार, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. तुमच्या जागेवर 10 सेंमी जाडीचा कोबा म्हणजे 2 घनमीटर काँक्रीट, वजनाला पाच टनांच्या आसपास. खालची माती एका बाजूला सरकली की एवढा थर अधांतरी राहतो आणि तडकतो. सिमेंट कितीही चांगलं वापरा, तडकतोच.

म्हणून आधी खोदा. घट्ट जमीन लागेपर्यंत सैल माती काढा. ते जमत नसेल तर भराव 15 सेंमीच्या थरांत, किंचित ओला करून धुमसा. एकदम ढीग टाकून वरून धुमस मारली तर वरचा पापुद्राच घट्ट होतो. त्यावर खडी-मुरुमाचा 10 ते 15 सेंमी थर, तोही दाबून. ही मेहनत पुढे कुणाला दिसत नाही, त्यामुळे खर्च वाचवायची वेळ आली की आधी हीच कापली जाते. तुम्ही ती कापू देऊ नका.

आता निवड. तुमच्या जागेला मी पेव्हर ब्लॉक सांगेन. गवंड्यांना राग येईल, येऊ दे. सांडपाण्याची नळी कधी ना कधी तुंबते किंवा सांध्यातून गळते. कोबा असेल तर तो फोडावा लागेल, आणि फोडून भरलेला चौकोन कायम वेगळा दिसेल. ब्लॉक उचलता येतात, नळी दुरुस्त करून तेच परत बसवता येतात. जमीन खचली तरी तेवढाच भाग उचलायचा, रेती भरायची, पुन्हा लावायचे. चालण्याच्या वापराला 6 सेंमी जाडीचे पुरतात, खाली साधारण 3 सेंमी रेती. कडेला मात्र काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले काठ हवेतच. काठ नसले की ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि रेती निघून जाते. सांध्यांत गवत उगवेल हे खरं. खाली कापड अंथरलं तरी उगवेल, कारण बी बहुतेक वरून पडतं. उपटत राहायचं.

वॉकरचा मुद्दा वेगळा. ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, त्या खाचांवर वॉकरची पुढची चाकं खडखडतात. दारापासून बसण्याच्या जागेपर्यंत तरी कडा न तासलेले ब्लॉक मागा, आणि बसवून झाल्यावर त्या वाटेवर हात फिरवून एकही कड वर आलेली नाही ना, ते स्वतः तपासा.

मुलीला सांगा, दगड देखणा दिसेल, पण गुळगुळीत घासलेला बाहेर नको. ओला झाला की पाय घसरतो. खरखरीत पृष्ठभागाचा ग्रॅनाइट चालेल. फक्त काँक्रीटवर चिकटवलेल्या फरशीत खालचा तडा वर उमटतो, म्हणजे फिरून मातीचा प्रश्न आलाच.

जमीन घट्ट असती आणि नळी नसती, तर मी काँक्रीटच म्हटलं असतं. झाडायला सोपं, वॉकरला उत्तम. कुणी तसं करणार असेल तर एवढं पाहावं. दर 2.5 ते 3 मीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका खोल सांधा कापावा. काँक्रीट सुकताना आकसतंच, तडा निदान ठरवलेल्या रेषेत जातो. घराच्या भिंतीशी ते जोडू नये, मध्ये मऊ पट्टी ठेवावी. मालात जास्त पाणी घालू देऊ नये, पुढे पृष्ठभागाची भुकटी निघते. वरून झाडूने खरबरीत करावं आणि किमान सात दिवस पाणी मारावं. काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालायची तर ती जमिनीवर पडून राहता कामा नये, थराच्या वरच्या अर्ध्यात ठेवावी.

ढाळ दोन्हींना लागतो: घरापासून दूर, मीटरला दीड ते दोन सेंमी. तुमच्या 4 मीटरला 6 ते 8 सेंमी. तयार जमीन जोत्याच्या ओलरोधक थराच्या किमान 15 सेंमी खाली राहू द्या, नाहीतर भिंतीला ओल चढेल.

झाडाभोवती निदान एक मीटर काहीच पक्कं करू नका, नुसती खडी पसरा. जाड मुळं तोडू नका. चेंबरचं झाकण नव्या पातळीला उचलून घ्या. ब्लॉकखाली गाडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा.